पंधरा तारखेची रेघ

ऑफिसात तिला सगळे फूटपट्टी म्हणायचे. पाठीमागे नाही, तोंडावर. तिलाही त्याचं काही वाटत नसे, कारण कामच तसं होतं. मामाची गुंतवणूक योजना एका बाजूला, शेअर बाजाराचा निर्देशांक दुसऱ्या बाजूला. दोघांना पाठीला पाठ लावून उभं करायचं आणि इतक्या वर्षांत कोण किती वाढलं, वाढताना कोण किती धडपडलं, ते सांगायचं. त्याची दर वर्षी गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका निघायची. तिच्या मधल्या पानावर दोन रेघा. निर्देशांकाची काळी, योजनेची निळी. काळी रेघ चढायची, आपटायची, पुन्हा उठायची. निळी आपली नाकासमोर बघत वर जायची, इतकी सालस की छापखान्यातल्या माणसाने एकदा विचारलं होतं, ही पट्टी धरून ओढलीय का?

मामा म्हणजे तिचा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. नोकरीला लागली त्या पहिल्याच दिवशी ती सवयीने सगळ्यांदेखत त्याला मामा म्हणून बसली आणि तेव्हापासून शिपायापासून हिशेबनिसापर्यंत सगळ्यांचाच तो मामा झाला. मामाला ऑफिसात बूट काढून बसायची सवय होती. आपल्या काचेच्या खोलीतून तो बाहेर यायचा तो मोज्यांवरच, पायांचा आवाज नाही. आपण कामात डोकं घालून बसलेलं असावं आणि कानाशी एकदम यावं, काय म्हणतेय आमची पट्टी? नवी माणसं दचकायची. मग हसायची. मग त्यांना सवय व्हायची. माणसाला कशाचीही सवय होते, हीच तर सगळी पंचाईत आहे.

परतावा म्हणजे काय ते लोकांना सांगावं लागत नाही. जोखीम सांगावी लागते. तिच्या कामात जोखीम म्हणजे रेघ किती थरथरते ते. जितकी थरथर जास्त, तितकी नको त्या दिवशी पैसे काढायची वेळ येऊन हात पोळण्याची भीती जास्त. मामाच्या योजनेची थरथर निर्देशांकाच्या निम्मीसुद्धा नव्हती आणि परतावा मात्र त्याच्याहून वरचढ. कमी धोका, जास्त कमाई. हे वाक्य पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तिच्या नावासकट छापलेलं असायचं. एखादी गोष्ट इतकी चांगली असू नये, असं तिच्या मनात कधीच आलं नव्हतं असं नाही. पण मामा हुशार आहे, हे उत्तर घरात ती लहान असल्यापासून तयार होतं आणि तयार उत्तर हाताशी असलं की माणूस प्रश्न जपून ठेवत नाही.

आई तिसऱ्या मजल्यावर राहायची. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि आईच्या गुडघ्यांनी आता जिन्याशी उभा दावा मांडला होता. बाबा गेल्यावर हाती आलेले सगळे पैसे तिने भावाच्या योजनेत ठेवले होते. त्यातून तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या, मागच्या दारी हातभर जमीन असावी, एवढीच तिची हौस. पुस्तिका घरी आली की आई चष्मा पुसून ती वाचायला घ्यायची. आकड्यांतलं तिला ओ की ठो कळत नसे. पहिल्या पानावरच्या लेकीच्या नावावरून बोट फिरवायची आणि पुस्तिका फ्रिजवर उभी करून ठेवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

त्या वर्षी एका मोठ्या इस्पितळातल्या परिचारिकांच्या निवृत्ती निधीने मामाच्या योजनेत पैसे ठेवायचं मनावर घेतलं. एवढा मोठा घास योजनेच्या तोंडापर्यंत आजवर आलेला नव्हता. मामा आठवडाभर शीळ घालत फिरत होता. निधीच्या समितीची एकच अट होती. त्यांचे पगार महिन्याच्या मध्यावर व्हायचे, हिशेबही पंधरा तारखेला बंद व्हायचे, म्हणून योजनेची आणि निर्देशांकाची तुलनाही त्यांना दर महिन्याच्या पंधरा तारखेची हवी होती, अगदी पहिल्या वर्षापासूनची. मामा म्हणाला, नेहमीची पाठवून दे, कोण बघतंय. योजनेचं मूल्य महिन्यातून एकदाच काढलं जायचं, शेवटच्या दिवशी बाजार बंद होताना जे भाव असतील त्यांवर, आणि सगळी तुलना त्यावरच बेतलेली असायची. यात वावगं काही नव्हतं. सगळीकडे हीच पद्धत.

पण जे मागितलं ते द्यायचं, हा फूटपट्टीचा खाक्या. शिवाय काम कंटाळवाणं होतं आणि कंटाळवाणी कामं तिला मनापासून आवडायची. मामाचा भर लहान लहान कंपन्यांवर होता. पंप बनवणारी एक, शिवणाचा दोरा काढणारी एक, बिजागऱ्या ओतणारी एक. ज्यांचं नाव कुणी ऐकलेलं नसतं आणि ज्यांचे शेअर आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळीच हलतात अशा कंपन्या. मोठे लोक जिथे वाकून बघत नाहीत तिथे सोनं असतं, असं मामा म्हणायचा. तिने त्या प्रत्येकीचे दर पंधरा तारखेचे भाव गोळा केले, योजनेकडे त्या वेळी कुणाचे किती शेअर होते ते लावलं आणि एका दुपारी, ऊन टेबलाच्या अर्ध्यापर्यंत आलेलं असताना, तिसरी रेघ काढली. हिरव्या रंगाची. ती तिने निळ्या रेघेवर ठेवली.

पहिली काही वर्षं दोघी एकमेकींना चिकटून चालल्या होत्या. मग ते वाईट वर्ष आलं, ज्या वर्षी बाजार कोसळला होता आणि निळी रेघ मात्र जराशी वाकून पुन्हा सरळ झाली होती. त्याच वर्षाने तर मामाचं नाव झालं होतं. हिरवी रेघ त्या वर्षी पडली होती. निर्देशांकाइतकीच, किंबहुना जास्तच. आणि त्यानंतर ती निळीला पुन्हा कधी भेटली नव्हती. महिन्याच्या शेवटच्या दिवशी बघावं तर योजना ठणठणीत. पुढच्या पंधरा तारखेला बघावं तर अंथरुणावर. महिनाअखेरी परत टुणकन उठून उभी. वर्षागणिक दोन रेघांमधली फट रुंदावत गेली होती. अलीकडच्या वर्षांत तर हिरवी रेघ निर्देशांकाच्याही बरीच खाली उतरली होती.

आपलंच काही चुकलं, असं तिला आधी वाटलं. तसं वाटून तिला बरंही वाटलं. तिने सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. रेघ जिथल्या तिथे आली. मग तिने एकेक कंपनी वेगळी काढून पाहिली. पंपवाली तशीच, दोरेवाली तशीच, बिजागऱ्यावाली तर महिन्याच्या शेवटच्या दिवसाखेरीज कधी वर गेलेलीच नव्हती. ऊन टेबलावरून उतरून गेलं होतं.

बाजारात प्रत्यक्ष सौदे करणारा जो माणूस होता त्याला ऑफिसात मुका म्हणत. दिवसभर फोनवर बोलायचा आणि फोन ठेवला की एक शब्द काढायचा नाही, म्हणून मुका. ती त्याच्याकडे गेली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली की पंपवाल्या कंपनीचे थोडे शेअर विकायला लावून बघ ना, मला एक खात्री करायचीय. मुक्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग मामाच्या खोलीकडे पाहिलं. मामा बाहेर गेलेला होता. त्याने चालू भावाला शेअर विकायला लावले आणि दोघं पडद्याकडे बघत बसली. कुणी घेतले नाहीत. त्याने भाव उतरवला. कुणी घेतले नाहीत. आणखी उतरवला. चहा आला आणि त्यावर साय धरली. पडद्यावर त्यांची एकच ओळ होती आणि तिच्यासमोरची घेणाऱ्याची जागा कोरी होती. मुक्याने ऑर्डर काढून टाकली.

"कुणी घेत का नाही?" तिने विचारलं.

"यांना घेणारा एकच आहे."

"कोण?"

"आपण," मुका म्हणाला.

आणि मग तो बोलत सुटला. इतक्या वर्षांत तो तिच्याशी इतकं कधी बोलला नव्हता. महिन्याच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या अर्ध्या तासात, मामा त्याच्या खुर्चीमागे येऊन उभा राहतो. हे तिने शंभर वेळा पाहिलेलं होतं. मुका घामाघूम, मागे मोज्यांवर उभा मामा. ती म्हणायची, किती जीव टाकतो हा माणूस कामावर. त्या अर्ध्या तासात थोडे थोडे शेअर चढत्या भावाने घ्यायचे, बस. ज्या दुकानात दुसरं गिऱ्हाईकच फिरकत नाही तिथे दोन वस्तू महाग घेतल्या की पाटीवरचा भाव बदलतो आणि गोदामातल्या सगळ्या मालाची किंमत त्या पाटीवरून लागते. घ्यायला पैसे नव्या गुंतवणूकदारांचे. पण घेऊन घेऊन माल वाढत चाललाय, दर महिन्याला आधीपेक्षा जास्त पैसे लागतात. आणि ते आले नाहीत तर, असं तिने विचारलं तेव्हा मुक्याने नुसता तळहात पालथा करून टेबलावर ठेवला.

म्हणजे इतकी वर्षं तिने जी मोजली होती ती योजना नव्हतीच. मामा ज्या दिवशी रेघ हाताने उचलून धरायचा नेमक्या त्याच दिवशी ती पट्टी लावायची, आणि रेघ थरथरत नाही म्हणून शाबासकी द्यायची. चूक तशी कारकुनी होती. बाहेरच्या कुणाला ती चूक वाटलीही नसती. तिच्या पायाखालची जमीन मात्र सरकली. आणि त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे कोण आलं, तर परिचारिका नाहीत, योजनेतली बाकीची शेकडो माणसं नाहीत. आई आली, जिन्याच्या दुसऱ्या वळणावर कठड्याला धरून श्वास घेत थांबलेली. सांगायला बरं वाटत नाही, पण तसं झालं.

मामाने आरडाओरडा केला असता तर सोपं गेलं असतं. त्याने हिरवी रेघ नीट पाहिली, कागद चष्म्याजवळ धरून पाहिली आणि म्हणाला, छान काढलीयस. मग उठून काचेवरचा पडदा ओढला. त्या वाईट वर्षी, एक महिनाभरच, असं त्याने ठरवलं होतं म्हणे. कंपन्या चांगल्या होत्या, लोक उगाच घाबरले असते आणि पडत्या भावात विकून मोकळे झाले असते. एक महिना सावरून धरू, भाव आपोआप येईल. तो आला नाही. मग दुसरा महिना. हे सांगताना त्याचा आवाज इतका साधा होता, एखाद्याने आपलं जुनं दुखणं सांगावं तसा, की तिला त्याची क्षणभर दयाच आली. दया आली याचा तिला पुढे फार राग यायचा.

"मला सांग, निर्देशांक का वर जातो? लोक घेतात म्हणून. लोक का घेतात? वर जातो म्हणून. मी तेच करतोय," मामा म्हणाला. "माझ्याकडे माणसं कमी आहेत, एवढाच फरक."

यात खोट कुठे आहे ते तिला कळत होतं. तिथे विकणाऱ्याला घेणारा भेटतो. पण तोंडातून ते निघालं नाही. निघालं ते दुसरंच.

"मला आईचे पैसे परत हवेत."

मामाच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला, आणि तिला वाटलं, आपण काहीतरी फार मोठं याच्या हातात देऊन बसलो. ताईचे पैसे मी बुडवीन असं वाटतं का तुला, तो म्हणाला. ताईचे पहिले. पण आत्ता तिजोरीत खडखडाट आहे आणि विकायला काढलं तर काय होतं ते तू मुक्याकडे बघून आलीयसच. ती गेली तेव्हा तो ऑफिसात नव्हता, तरी त्याला माहीत होतं. परिचारिकांचा चेक वटला की दुसऱ्या दिवशी ताईच्या खात्यात पैसे. फक्त त्यांना तुलना महिनाअखेरीची दे. एकही आकडा खोटा घालू नकोस, मी तुला कधी खोटं लिहायला सांगितलंय? महिनाअखेरीचे सगळे भाव खरे आहेत, बाजारात लागलेले आहेत.

ती घरी जाताना सगळ्या वाटा मनात चालून आली. बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत जाऊन सगळं सांगावं, तर त्याच दिवशी योजनेला टाळं लागेल आणि आईचे पैसे आतच राहतील. परिचारिकांना सांगावं, तर चेक येणार नाही आणि पुढच्या महिनाअखेरी रेघ आपोआप खाली येईल, आईसकट. काहीच करू नये, तरी तेच, फक्त जरा उशिरा. आईचे पैसे बाहेर यायला एकच दार होतं आणि त्या दारातून आधी परिचारिकांना आत घ्यावं लागणार होतं. तिने हे स्वतःला इतक्या स्पष्ट शब्दांत एकदाच सांगितलं. मग पुन्हा सांगितलं नाही.

आईला तिने खरं कारण सांगितलं नाही. तळमजल्यावरचं चांगलं घर आलं की ताबडतोब पैसे मोजावे लागतात, म्हणून ते हाताशी असू देत, म्हणून काढतोय. आईचा चेहरा उजळला. घर बघायला लागायचं का मग, असं तिने विचारलं आणि मागच्या दारी काय काय लावता येईल ते सांगत बसली. पैसे काढायच्या कागदावर सही करताना मात्र जरा थबकली. तुझ्या मामाला वाईट तर वाटणार नाही ना, म्हणाली. फूटपट्टी म्हणाली, नाही वाटणार.

समितीची बैठक इस्पितळाच्या तळघरातल्या एका खोलीत होती. वर पाइप गेलेले, त्यांतून मधूनच पाणी धावल्याचा आवाज यायचा. औषधाचा वास. भिंतीशी चाकांच्या दोन मोडक्या खुर्च्या. ड्यूटी संपवून आलेल्या पाच-सहा बायका पांढऱ्या बुटांतले पाय लांब करून बसल्या होत्या. अध्यक्ष होत्या मेट्रनबाई, लवकरच निवृत्त होणाऱ्या, उंच, आवाज खालचा. फूटपट्टीने निळी आणि काळी रेघ दाखवली. परतावा सांगितला, थरथर सांगितली, वाईट वर्षात योजना कशी सावरली ते सांगितलं. तिचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता आणि चांगला लागला होता.

आम्ही पंधरा तारखेची तुलना मागितली होती, असं मेट्रनबाई म्हणाल्या. रागाने नाही. फूटपट्टीने उत्तर घोकून आणलं होतं. निर्देशांकाशी तुलना जगभर महिनाअखेरीचीच करतात. मधल्या तारखेची केली तर दुसऱ्या कुठल्या योजनेशी ती जुळवून बघता येणार नाही. यातला शब्द न् शब्द खरा होता. मेट्रनबाईंनी मान हलवली आणि चष्मा काढला.

"मला या रेघांतलं फार कळत नाही," त्या म्हणाल्या. "एकच सांगा. तुमच्या घरातलं कुणी यात आहे?"

वरच्या पाइपातून पाणी धावलं. फूटपट्टीला वाटलं, हा आवाज थांबेपर्यंत आपल्याला बोलावं लागणार नाही. तो थांबला.

"माझी आई आहे," ती म्हणाली.

तेही खरंच होतं. चेक वटेपर्यंत खरं होतं. मेट्रनबाई हसल्या, आपल्या माणसाकडे बघून हसावं तशा, आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, मग झालं तर. ठराव तिथल्या तिथे झाला. निघताना एका तरुण परिचारिकेने तिला पाणी दिलं, तुमचा चेहरा उतरलाय म्हणाली, रक्तदाब बघू का? फूटपट्टी नको म्हणाली आणि झपाझप जिने चढून वर आली.

मामाने शब्द पाळला. चेक वटला आणि दुसऱ्या दिवशी आईच्या खात्यात पैसे आले, शेवटच्या पैशापर्यंत. त्या रात्री फूटपट्टीला मेल्यासारखी झोप लागली. सकाळी उठल्यावर आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग लाज वाटली, पण सुटल्यासारखं आधी वाटलं. ती तळमजल्यावरची घरं शोधायला लागली. नोकरी सोडायची हेही मनाशी ठरवलं. घर झालं की लगेच. परिचारिकांचं पुढे काय, हा प्रश्न आला की ती उठून काहीतरी आवरायला घ्यायची. तिचं घर इतकं नीटनेटकं कधी नव्हतं.

मग निर्देशांक पडायला लागला. सोमवारी थोडा, मंगळवारी बराच, नंतर रोजच. ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर लाल रंगाखेरीज काही दिसेना. योजनेचा आकडा मात्र जागचा हलला नाही, कारण महिनाअखेर यायची होती. फोन वाजायला लागले. लोक विचारत होते आणि मामा प्रत्येकाला शांतपणे सांगत होता, पुस्तिका बघा, पडत्या बाजारात आपण कसे उभे राहतो ते बघा. मुका पुन्हा गप्प झाला होता. मामाची शीळ बंद झाली होती. फूटपट्टीला स्वतःपुरती भीती वाटत नव्हती. आई बाहेर होती.

आठवड्याच्या शेवटी तिला हवं तसं घर सापडलं. दोन खोल्या, दारात पायरीसुद्धा नाही, मागे खरंच हातभर जमीन. तिने फोन केला नाही; हे समोरासमोर सांगायचं म्हणून तिन्ही मजले धावत चढली. आई दार उघडून लंगडत आत गेली. फ्रिजवर नवी पुस्तिका उभी होती. परिचारिकांसाठी काढलेली, पहिल्या पानावर तिचं नाव.

ही कुठून आली, असं तिने विचारलं. परवा तुझा मामा येऊन गेला, आई म्हणाली. बिचारा तीन मजले चढून आला, दारात बूट काढून किती वेळ बसला. तुझं फार कौतुक करत होता. अख्ख्या इस्पितळाने तुझ्या शब्दावर पैसे ठेवले म्हणे. आई सांगत होती आणि तिच्या चेहऱ्यावरून अभिमान ओसंडत होता. पुढचं काय येणार ते फूटपट्टीला आईच्या आधी कळलं.

"घर काही आज मिळत नाहीये, तोवर नुसते पडून राहणार पैसे," आई म्हणाली. "त्यालाही या महिन्यापुरती जरा नड होती. दिले परत. आणि ती बँकेतली ठेव होती ना, तीही मोडली. म्हटलं एवढं चांगलं आहे तर सगळंच ठेवू."

"मला विचारलं का नाहीस?"

आईला तो प्रश्न कळलाच नाही. तिने पुस्तिका फ्रिजवरून काढली, पहिलं पान उघडलं आणि नावावर बोट ठेवलं.

"तूच लिहिलंयस की," ती म्हणाली. "तू लिहिलेलं मी नाही मानायचं, तर कुणाचं मानायचं?"

खरं सांगायला तेव्हाही वेळ होता. फूटपट्टीने तोंड उघडलं. पण आईला सांगायचं म्हणजे मामाचं सांगायचं, मामाचं सांगायचं म्हणजे तळघरातल्या त्या खोलीचं सांगायचं, मेट्रनबाईंनी काय विचारलं आणि आपण काय म्हणालो ते सांगायचं. आईने आयुष्यात एकाच माणसाचं लिहिलेलं डोळे मिटून मानलं होतं. आणि सांगून पैसे थोडेच येणार होते. तिने उघडलेलं तोंड मिटलं, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याली आणि घर सापडल्याचं सांगितलंच नाही. आई मागून म्हणाली, किती दमून आलीयस, जिना असाच जीव घेतो बघ.

सोमवारी ती नेहमीच्या वेळेला ऑफिसात गेली. पडद्यावर निर्देशांक उघडतानाच खाली होता. महिनाअखेर त्याच आठवड्यात होती. ती आपल्या जागेवर बसली आणि तिने मामाला काय काय बोलायचं ते मनात जुळवलं. बहिणीच्या तोंडचा घास, बाबांची आठवण, सगळं. पावलांचा आवाज आला नाही. मामा तिच्या खुर्चीमागे येऊन उभा होता. किती वेळ ते तिला कळलं नाही.

"ताईची काळजी करू नकोस," तो हळू आवाजात म्हणाला. "या खेपेलाही तिचेच पहिले. बसचालकांच्या पतपेढीचं येतंय. पैसे बरेच आहेत त्यांच्याकडे. त्यांनाही तुलना हवी आहे."

तिने वळून पाहिलं नाही. समोर जुनी फाइल होती, निळी आणि काळी, हिरवी रेघ तिने केव्हाच पुसून टाकली होती. पलीकडे मुका फोन कानाला लावून तिच्याकडे बघत होता आणि बोलत नव्हता. मामाचा हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर होता. तिने फाइल उघडली.

"कुठल्या तारखेची?" तिने विचारलं.